रे ब्रॅडबरी यांच्या विज्ञानकथा

रे डग्लस ब्रॅडबरी (२२ ऑगस्ट, १९२० – ५ जून, २०१२) हे अमेरिकन कथाकार होते. इलिनॉय राज्यातील वॉकीगन येथे जन्मलेले ब्रॅडबरी महाविद्यालयात गेले नाहीत. सार्वजनिक ग्रंथालयांतील वाचनावरच त्यांचे पुढील शिक्षण झाले. 'द मार्शियन क्रॉनिकल्स' (१९५०) आणि 'दि इलस्ट्रेटेड मॅन' (१९५१) हे त्यांचे कथासंग्रह अभिजात मानले जातात.

यंत्र बिघडल्याने ओढवणारा अनर्थ हा विज्ञानकथांचा नेहमीचा विषय. ब्रॅडबरी यांच्या कथांतील यंत्रे मात्र बहुधा बिघडत नाहीत. नेमून दिलेले काम ती चोख बजावतात आणि वाचकाला भीती वाटते ती त्यामुळेच.

'देअर विल कम सॉफ्ट रेन्स' ही कथा मे १९५० मध्ये 'कॉलियर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हिरोशिमावरील अणुबॉम्बहल्ल्याला तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती आणि १९४९ मध्ये सोव्हिएत संघानेही अणुचाचणी केली होती. कथेत एकही जिवंत माणूस नाही. कॅलिफोर्नियातील एक स्वयंचलित घर वेळ सांगते, न्याहारी बनवते आणि खाणारे कोणी नसल्याने ती टाकून देते. यांत्रिक उंदीर धूळ टिपत फिरतात. कुटुंबाचे काय झाले हे लेखक सांगत नाही. तो एक भिंत दाखवतो. अणुस्फोटाने काळवंडलेल्या त्या भिंतीवर फक्त पाच ठिकाणी रंग उरला आहे : गवत कापणारा पुरुष, फुले खुडण्यास वाकलेली स्त्री, हात उंचावलेला मुलगा, वर उडालेला चेंडू आणि तो झेलू पाहणारी मुलगी. हिरोशिमातील एका बँकेच्या दगडी पायरीवर अशीच मानवी छाया खरोखर उमटली होती.

रात्री घर मालकिणीला विचारते, कोणती कविता वाचू? उत्तर येत नाही, तेव्हा ते स्वतःच सारा टीसडेल यांची एक कविता निवडते. माणूस नाहीसा झाला तरी निसर्ग त्याची दखल घेणार नाही, असा आशय असलेली ही कविता पहिल्या महायुद्धाच्या काळातील असून कथेचे शीर्षकही तिचेच आहे. पुढे झाडाची फांदी कोसळून आग लागते, घर जळते आणि उरलेली एकुलती भिंत दुसऱ्या दिवसाची तारीख सांगत राहते. नियतकालिकातील पाठात ते साल १९८५ होते, पुस्तकात ते २०२६ झाले आणि १९९७ च्या आवृत्तीत २०५७.

'द व्हेल्ट' (१९५०) या कथेत मुलांच्या मनातील दृश्ये साकारणारी खोली आहे. आईवडील ती बंद करू पाहतात, तेव्हा मुले त्यांना तेथील सिंहांच्या स्वाधीन करतात. 'ऑल समर इन अ डे' (१९५४) मध्ये यंत्राचीही गरज उरत नाही. अखंड पावसाच्या शुक्रावर सात वर्षांनी थोडा वेळ सूर्य दिसणार असतो. पृथ्वीवरचा सूर्य आठवणाऱ्या मार्गो या मुलीला वर्गातील मुले नेमकी तेव्हाच कोंडून ठेवतात.

शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस असल्याने तेथे असा पाऊस अशक्य आहे, हे आज शाळकरी विद्यार्थीही सांगेल. ब्रॅडबरी यांच्या मंगळावर तर माणसे मोकळेपणी श्वास घेतात. स्वतः ब्रॅडबरी 'द मार्शियन क्रॉनिकल्स'ला विज्ञानकथा न म्हणता कल्पनारम्य साहित्य म्हणत. तरीही 'क्युरिऑसिटी' ही बग्गी मंगळावर जेथे उतरली, त्या जागेला नासाने २२ ऑगस्ट, २०१२ रोजी 'ब्रॅडबरी लँडिंग' हे नाव दिले.