पिकअप घेताय? बोनेटवरचे नाव पाहण्याआधी हे वाचा

"दादा, महिंद्रा घेऊ की टाटा?"

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गावांत काम करताना हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. विचारणारा साधारण पंचवीस-तीस वर्षांचा असतो. बी.ए. झालेले, भरतीच्या दोन-तीन परीक्षा देऊन झालेल्या, घरी दोन-तीन एकर धानाची शेती किंवा तीही नाही. कोणाच्या तरी लग्नात किंवा जयंतीच्या मिरवणुकीत गावातल्या पिकअपवाल्याची कमाई ऐकलेली असते आणि आपणही गाडी घ्यावी असे मनात बसलेले असते. त्यात चूक काहीच नाही. धान गिरणीपर्यंत नेणे, तेंदूच्या हंगामातली वाहतूक, विटा, रेती, भाजीपाला, मंडप-डेकोरेशनचे सामान, आठवडी बाजार अशी कामे इथे आहेत.

अडचण पुढे येते. आठ-दहा लाखांचा निर्णय चहाच्या टपरीवर होतो. "अमुक कंपनीची गाडी दणकट", "तमुक कंपनीचे इंजिन जपानी आहे", "ती गाडी पुण्यात बनते म्हणून चांगली" एवढ्या ऐकीव माहितीवर सही होते. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा, हे बुद्धांनी कालामांना सांगितल्याचे आपण विहारात ऐकतो. गाडीच्या शोरूममध्येही तीच सवय उपयोगी पडते. म्हणून कोणती गाडी कुठे बनते, त्याला किती महत्त्व द्यायचे आणि दर्जा कशावरून ओळखायचा, हे या लेखात सोप्या भाषेत मांडतो आहोत.

कोणती गाडी कुठली?

आपल्याकडे मालवाहू छोट्या गाडीला अजूनही "टेम्पो" म्हणतात. हे एका कंपनीचे नाव आहे. जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी करार करून पुण्याच्या बजाज टेम्पोने १९५८ पासून तीनचाकी गाड्या आणल्या आणि कंपनीचे नाव त्या प्रकारच्या सगळ्या गाड्यांना चिकटले. पुढे ही कंपनी फोर्स मोटर्स झाली. म्हणजे नाव परदेशी आणि बांधणी इथली, हा प्रकार जुनाच आहे.

महिंद्राची सुरुवात १९४५ साली पोलादाच्या व्यापारातून झाली आणि १९४७ पासून ती विलीज जीप जोडू लागली. २००० साली बोलेरो आली. बोलेरो हे नाव नाशिकच्या कारखान्याशी जोडलेले आहे. याशिवाय कंपनीचे चाकण, हरिद्वार आणि तेलंगणातल्या झहीराबाद इथे कारखाने आहेत. जीतो ही छोटी गाडी झहीराबादची. आपल्या विदर्भात, नागपूरच्या हिंगण्यात, महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात, पिकअप नाही.

टाटाने १९८८ साली पुण्यात टाटामोबाइल ही पिकअप बनवली. पुढची २०७ त्याच घराण्यातली. २००५ साली एस आली, जिला सगळे "छोटा हत्ती" म्हणतात. ती आधी पुण्यात, नंतर उत्तराखंडातल्या पंतनगरला बनू लागली. त्याच घराण्यातल्या काही गाड्या कर्नाटकातल्या धारवाडलाही बनल्या. २०१७ ची योद्धा आणि २०१९ ची इंट्रा ही टाटाची पुढची नावे.

अशोक लेलँडची दोस्त २०११ साली आली, तमिळनाडूतल्या होसूरहून. तेव्हा कंपनीची जपानच्या निस्सानशी भागीदारी होती. ती २०१६ मध्ये संपली, गाडी मात्र सुरू राहिली. २०२० मध्ये बडा दोस्त आली. याच कंपनीचा एक कारखाना आपल्या भंडाऱ्यात आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

आता "जपानी" नावे घेऊ. इसुझू डी-मॅक्स आंध्र प्रदेशातल्या श्री सिटीत बनते. तो कारखाना २०१६ मध्ये सुरू झाला. टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली आणि ती बेंगळुरूजवळच्या बिडदीत जोडली जाते. हायलक्सची किंमत पाहिली तर ती धानाचे कट्टे वाहणाऱ्याची गाडी नाही, हे लगेच कळते.

या यादीचा अर्थ एवढाच, की आपल्या रस्त्यावर दिसणारी जवळपास प्रत्येक पिकअप भारतातच बनलेली किंवा जोडलेली आहे. "परदेशी दर्जा" म्हणून कोणी वीस-पंचवीस हजार जास्त मागत असेल, तर कशासाठी ते विचारा.

कुठे बनली याने दर्जा ठरतो का?

थोडा ठरतो, पण आपण समजतो तसा नाही. एकाच कंपनीच्या नाशिकच्या आणि हरिद्वारच्या गाडीला सरकारी नियम तेच असतात. रस्त्यावर येण्याआधी प्रत्येक नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत होते. धुराचे नियमही सगळ्यांना सारखे. बीएस-६ हा नियम १ एप्रिल २०२० पासून लागू आहे आणि त्याचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून.

कारखान्याच्या गावापेक्षा आपल्याला दोन गोष्टी जास्त महागात पडतात. पहिली, गाडी कधी बनली. डीलरच्या आवारात आठ-दहा महिने ऊन-पाऊस खाल्लेली गाडी "नवीन" म्हणून दिली जाऊ शकते. दुसरी, सुटे भाग आणि मेकॅनिक किती अंतरावर आहेत.

पहिली गोष्ट तपासायला चेसिस नंबर वाचायला शिका. तो १७ अक्षर-अंकांचा असतो. भारतात बनलेल्या गाडीचा नंबर साधारणपणे 'एम'ने सुरू होतो. 'एमए१' म्हणजे महिंद्रा, 'एमएटी' म्हणजे टाटा, 'एमबी१' म्हणजे अशोक लेलँड. बहुतेक कंपन्यांत दहावे अक्षर वर्ष सांगते: 'पी' म्हणजे २०२३, 'आर' म्हणजे २०२४, 'एस' म्हणजे २०२५. अनेक कंपन्या त्यापुढच्या अक्षरात कारखान्याची खूण ठेवतात. हे जमले नाही तर विक्रीच्या वेळी मिळणारा फॉर्म २१ मागा. त्यावर गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते लिहिलेले असते. पैसे भरण्याआधी मागा, नंतर नाही.

दुसरी गोष्ट नकाशावर तपासा. मूल किंवा ब्रह्मपुरीच्या माणसाला चंद्रपूर, नागपूर जवळ आहे. आलापल्ली, एटापल्ली, सिरोंच्याच्या माणसाला नाही. भामरागडचा तर पर्लकोटेला पूर आला की जगाशी संपर्कच तुटत आला आहे. तिथे कंपनीच्या जाहिरातीतल्या दर्जाला फारसा अर्थ उरत नाही. क्लच प्लेट आलापल्लीत मिळते का आणि ती बसवणारा माणूस कोण, हा तिथला खरा दर्जा. म्हणून गाडी निवडण्याआधी आपल्या वाटेवरच्या तीन मेकॅनिकांना भेटा. कोणती गाडी त्यांच्याकडे जास्त येते आणि कोणता भाग सारखा बदलावा लागतो, एवढे दोन प्रश्न पुरेत.

भार किती, काम कोणते?

गाडीची तुलना नावावर करू नका, कामावर करा. भरलेल्या गाडीचे मंजूर वजन वजा रिकाम्या गाडीचे वजन, म्हणजे तिची कायदेशीर भारक्षमता. हे दोन्ही आकडे आरसीवर असतात.

धानाचा कट्टा ४० किलोचा धरू. छोटा हत्ती साधारण ७५० किलो वाहतो, म्हणजे १८ कट्टे. इंट्राच्या वेगवेगळ्या नमुन्यांची क्षमता १ टनापासून १.७ टनांपर्यंत आहे, म्हणजे २५ ते ४२ कट्टे. दोस्त सव्वा ते दीड टनाच्या घरात येते. बोलेरो पिकअप १.३ टनांपासून आणि मोठ्या नमुन्यात २ टनांपर्यंत जाते. योद्धाचाही मोठा नमुना २ टनांचा आहे, म्हणजे ५० कट्टे.

गावातल्या बाजारात भाजी आणि किराणा न्यायचा असेल तर दोन टनांच्या गाडीचा हप्ता कशाला भरायचा? आणि रोज दीड टन विटा न्यायच्या असतील तर छोट्या हत्तीवर तो भार टाकून पाटे मोडून घेण्यात शहाणपण नाही. जादा भार पकडला गेला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. एका खेपेत महिन्याचा हप्ता जातो.

जंगलातल्या कच्च्या वाटेवर पावसाळ्यात नेहमी जायचे असेल तरच चारही चाकांना जोर देणाऱ्या नमुन्याचा विचार करा. तो महाग असतो आणि डिझेलही जास्त पितो. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात बहुधा काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी बराच वेळ एका वेगाने धावली की ती तापून साफ होते. रोज तीन-चार किलोमीटरच्या थांबत थांबत खेपा असतील तर ती तुंबते आणि खर्च वाढतो. अशा कामाला पेट्रोलची छोटी गाडी बरी पडू शकते. सीएनजी घ्यायची तर पंप आपल्या वाटेवर आहे का ते आधी बघा.

आणखी एक. कारला सुरक्षिततेचे तारे देणारी भारत एनकॅप चाचणी प्रवासी गाड्यांसाठी आहे. पिकअपला ते तारे नसतात. त्यामुळे कारची जाहिरात बघून त्याच कंपनीची पिकअपही तितकीच सुरक्षित असेल, असे समजू नका.

हप्त्याचे गणित

आमच्या ओळखीच्या एका तरुणाची गाडी दीड वर्षात फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. गाडीत दोष नव्हता. धानाचा हंगाम संपला, चार महिने काम आटले आणि हप्ते थकले. त्याच्या आईने डाउन पेमेंटसाठी दागिने मोडले होते. तो आम्हाला भेटला तेव्हा गाडी गेली होती आणि कर्ज शिल्लक होते. हिशेब आम्ही आधी मांडून दिला असता तर, ही बोच आमच्या मनात राहिली आहे.

तो हिशेब असा. १० लाखांची गाडी, २ लाख रोख, ८ लाख कर्ज, व्याज १२ टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता साधारण १७,८०० रुपये येतो आणि पाच वर्षांत व्याजापोटी पावणेतीन लाखांच्या जवळपास जातात. महिन्यात २० दिवस काम मिळाले तर रोजचे ८९० रुपये फक्त हप्त्याचे. त्यावर १०० किलोमीटरचे डिझेल, टायर, विमा, दुरुस्ती. म्हणजे दिवसाला दोन हजारांचे भाडे मिळाल्याशिवाय घरात काही उरणार नाही. हंगाम नसलेल्या चार महिन्यांचे हप्ते कुठून येणार, याचे उत्तर कागदावर लिहिता येत नसेल तर थांबा. जुनी गाडी घ्या, किंवा दोघे-तिघे मिळून घ्या.

खासगी फायनान्सच्या आधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन या. बीज भांडवल योजनेत उमेदवाराचे ५ टक्के, महामंडळाचे २० टक्के आणि बँकेचे ७५ टक्के अशी रचना असते. सध्याची मर्यादा आणि वाहन त्यात बसते का, हे तिथेच विचारा. जात प्रमाणपत्र तयार ठेवा. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या आहेत, त्या मागताना संकोच नको. आणि हप्ता थकलाच तर घाबरून लपू नका. वसुलीच्या लोकांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. धमकी आली तर लेखी तक्रार करा.

परवान्याबाबत एक चांगली बातमी: हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले. या लेखातल्या सगळ्या गाड्या त्यात बसतात.

शेवटी, दीक्षाभूमीची वाट

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्या दिवसासाठी दरवर्षी गावोगावचे लोक चंद्रपूरला येतात. यातले कितीतरी पिकअपच्या मागच्या हौद्यात उभे राहून येतात, आया-बहिणी आणि लेकरेसुद्धा. आपलाच मुलगा गाडी चालवतो, आपलीच माणसे बसतात, म्हणून कोणाला काही वाटत नाही.

पण मालवाहू गाडीच्या विम्यात असे प्रवासी धरलेले नसतात. मालासोबत असणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी वेगळा. बाकीच्यांची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. म्हणजे अपघात झाला तर जखमींच्या घरी दुःख आणि गाडीमालकाच्या घरी आयुष्यभराचे कर्ज. दोन्ही घरे आपलीच.

म्हणून यंदा गावात बैठक घ्या, वर्गणीतून एसटीची बस ठरवा आणि पिकअपमध्ये मंडपाचे सामान, भोजनदानाची भांडी आणि पुस्तके पाठवा. गाडी कोणत्याही कंपनीची असो, हौदा सामानासाठी बनवलेला आहे.

जय भीम!