जोर मनगटात नव्हे, पायांत!

गेल्या आठवड्यात आमचे एक जुने स्नेही, निवृत्त मुख्याध्यापक, मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा अमेरिकेत नोकरीला असतो, सध्या रजेवर आला आहे. उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखते, चहाचा कप उचलतानाही कळ येते, ही तक्रार.

"काका, एक इंजेक्शन देऊन टाका. परत गेल्यावर स्पर्धा आहे."

"कसली रे?"

"डिस्क गोल्फ!"

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. प्लॅस्टिकची चकती टप्प्याटप्प्याने फेकत नेऊन, साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत टाकायची. सर्वांत कमी फेकींत काम उरकेल तो जिंकला. एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. चकतीचे वजन जेमतेम १५० ते १८० ग्रॅम. मग एवढ्याशा चकतीने कोपर दुखावेलच कसे?

मी त्याला अंगणात नेऊन स्टीलची ताटली हातात दिली व 'बॅकहँड' फेक करून दाखवायला सांगितले. पाय जागीच खिळलेले, छाती समोर, ताटली मुठीत गच्च आवळलेली आणि सारा झटका एकट्या हाताचा! दुखणे तिथेच सापडले. मग त्याने मोबाइलवर नामांकित खेळाडूंची फेक दाखवली. मी हा खेळ खेळलेलो नाही, पण शरीराचे शास्त्र सगळीकडे सारखेच. उजव्या हाताने फेकणाऱ्याने पुढील क्रम सांभाळावा :

१) उभे राहणे : लक्ष्याकडे छाती नव्हे, उजवा खांदा करावा.

२) हात मागे नेणे : पावले टाकत पुढे यावे. उजवे पाऊल शेवटचे टेकत असताना चकतीचा हात पूर्ण मागे गेलेला असावा. पाठ वळते, नजर क्षणभर लक्ष्यावरून हटते. हटू द्यावी.

३) जोर : वजन डाव्या पायावरून उजव्या पायावर आले, की आधी कंबर वळते, मग खांदा, मग कोपर आणि सर्वांत शेवटी मनगट. चाबकाच्या मुठीला हिसका दिला, की टोक आपोआप कडाडते, तसेच हे. मनगट हे चाबकाचे टोक!

४) चकतीची वाट : चकती छातीजवळून सरळ रेषेत ओढावी. दंड छातीला चिकटला, तर चकती अंगाभोवती गोल फिरते, उशिरा सुटते, उजवीकडे भरकटते आणि खांद्यावर ताण येतो.

५) पकड : बोटे कडेखाली, अंगठा वर. सुरुवातीला पकड बेताची, सुटण्याच्या क्षणी घट्ट.

६) शेवट : चकती सुटल्यावर एकदम थांबू नये. उजव्या टाचेवर अंग फिरू द्यावे, नाहीतर पिळा गुडघ्याला बसतो.

कंबर आणि पाय काम करीत नाहीत, तेव्हा त्यांचा वाटा मनगट उचलणाऱ्या स्नायूंवर पडतो. हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला कंडऱ्यांनी जोडलेले असतात. त्याच त्या ताणाने कंडरा झिजते. यालाच आपण 'टेनिस एल्बो' म्हणतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांनी बहुधा टेनिसची रॅकेट हातातसुद्धा धरलेली नसते. चादरी पिळणाऱ्या गृहिणी, रंगारी, सुतार, हेच जास्त.

आता इंजेक्शनविषयी. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका धुणीभांडी करणाऱ्या बाईंना मी स्टिरॉइडची तीन इंजेक्शने दिली. प्रत्येक वेळी त्या आनंदाने कामाला लागल्या आणि प्रत्येक वेळी दुखणे वाढवून परत आल्या. शेवटी त्यांचे हातचे काम सुटले. ती चूक माझी होती. अशा इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण वर्षभराचा हिशोब मांडला, तर ते न घेणारे अधिक बरे होतात, हे आता सिद्ध झाले आहे.

म्हणून त्या मुलाला इंजेक्शन दिले नाही. काही आठवडे फेक बंद. पुढचा हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर ठेवून हातात अर्धा लिटर पाण्याची बाटली धरायची. दुसऱ्या हाताने ती वर उचलून, दुखऱ्या हाताने सावकाश खाली सोडायची. असे दहा-पंधरा वेळा, रोज. थोडे दुखले तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढले तर वजन कमी करावे. बरे व्हायला काही महिने लागतात, पण बहुतेकांचे कोपर शस्त्रक्रियेवाचून बरे होते. बोटांना मुंग्या येत असतील, कोपर सुजले असेल वा अडकत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

मुलगा जरा हिरमुसला. "म्हणजे ही स्पर्धा गेली, काका?"

"ही गेली. पुढच्या दहा वर्षांच्या राहिल्या ना?"

घरात चादर पिळणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे. ती दोघांनी मिळून पिळावी. एकट्या मनगटावर संसाराचा भार टाकू नये.