गाडीच्या विम्याचा दावा (भाग 6) : रेडिएटर फुटल्यानंतरचा प्रवास

या भागात घसाऱ्याच्या तक्त्याचे विवेचन व्हायचे होते. तथापि सानगडीहून आलेल्या एका प्रश्नाने पॉलिसीतील अशा एका अटीकडे लक्ष वेधले आहे, जिच्यामुळे प्रामाणिक दाव्यांचीही रक्कम मोठ्या प्रमाणात घटते, आणि म्हणून तो तक्ता पुढील आठवड्यावर नेणे इष्ट ठरते. प्रश्न असा की, रात्री साकोलीकडून सानगडीला येताना रानडुक्कर गाडीवर आदळले, गाडी सुरू होत असल्याने ती घरापर्यंत आणली गेली आणि सकाळी इंजिन जाम झालेले आढळले. विमा कंपनी बंपर व रेडिएटरचा खर्च मान्य करते, इंजिनाचा मात्र नाकारते, तर हे योग्य आहे काय?

2013 मध्ये घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत विखुरलेला असून त्याच्या दोन मुख्य वनखंडांमधून राष्ट्रीय महामार्ग जातो, त्यामुळे रानडुक्कर वा नीलगाय रस्त्यावर येणे या परिसरात अपवादात्मक नाही. अशा धडकेत नुकसानभरपाई मागावी असा दुसरा वाहनमालक नसतो. साहजिकच ज्याच्याकडे केवळ तृतीय पक्ष विमा, म्हणजे इतरांच्या हानीपुरते कायद्याने सक्तीचे संरक्षण आहे, त्याला स्वतःच्या गाडीसाठी काहीही मिळत नाही. सर्वंकष पॉलिसीत मात्र बाह्य कारणाने झालेल्या अपघाती हानीत ही धडक निःसंशय बसते.

खरा वाद त्यानंतरच्या प्रवासाचा आहे. खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीतील एक अट असे सांगते की, अपघातानंतर पुढील हानी टळावी म्हणून योग्य खबरदारी घेतल्याशिवाय वाहन बेवारस सोडू नये, आणि आवश्यक दुरुस्तीपूर्वी ते चालवल्यास हानीत होणारी वाढ सर्वस्वी विमेदाराच्या जोखमीवर राहील. रेडिएटर फुटला की कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारा द्रव, गळू लागतो. तशा स्थितीत गाडी चालवत राहिल्यास सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट जळते आणि अखेरीस पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतात. धडकेने तुटलेला भाग आणि उष्णतेने बिघडलेला भाग यांच्या खुणा भिन्न असतात, आणि सर्वेक्षक, म्हणजे हानीची पाहणी करून तिचे मूल्य ठरवणारा परवानाधारक तज्ज्ञ, त्या खुणांवरूनच दोन्ही हानी वेगळ्या काढतो.

या प्रश्नापुरती कंपनीची भूमिका अटीला धरून आहे, हे खेदाने मान्य करावे लागते. मात्र तीच अट विमेदाराचीही ढाल आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही: ती केवळ वाढीव हानी वगळते, मूळ हानी नव्हे, म्हणून गाडी चालवली या एवढ्याच कारणावरून संपूर्ण दावा फेटाळणे तिच्या शब्दांत बसत नाही. शिवाय धडकेत ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालील तेलाचे भांडे, फुटून चालकाला गाडी थांबवण्याची संधी मिळण्यापूर्वीच इंजिन जाम झाले असेल, तर ती हानी अपघाताचाच भाग आहे असा भक्कम युक्तिवाद करता येतो. अशा वादात सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी. कंपनीकडे केलेल्या लेखी तक्रारीचे महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

अपघातस्थळी करायचे काम थोडेच आहे, पण ते त्याच वेळी करावे लागते: इंजिन बंद करावे, गाडीखाली सांडलेल्या द्रवासह छायाचित्रे घ्यावीत, कंपनीला दूरध्वनी करावा आणि गाडी ओढून नेण्याची व्यवस्था होईपर्यंत तिच्याजवळ कोणीतरी थांबावे. प्रमाणित पॉलिसीत खासगी गाडीच्या ओढाईसाठी 1,500 रुपयांची मर्यादा आहे. सानगडीहून भंडारा वा नागपूरच्या कार्यशाळेपर्यंत ती सहज अपुरी पडते, म्हणून रस्त्यावरील साहाय्याचे जोड-संरक्षण शहरातील मालकापेक्षा इथल्या मालकाला अधिक आवश्यक आहे.

मेलेल्या जनावराबद्दलही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 39 नुसार ते शासनाची मालमत्ता ठरते, त्यामुळे त्याला हात न लावता वनविभागाला कळवावे. त्या वेळी झालेला पंचनामा दाव्यालाही जोडता येतो आणि धडक कशाची होती हे सिद्ध करण्यास उपयोगी पडतो.