ताप एकच, जीवाणू मात्र प्रदेशागणिक वेगळे

'टायफॉईड झाला आहे, पंधरा दिवस येता येणार नाही', अशी चिठ्ठी आपल्यापैकी बहुतेक शिक्षकांच्या हाती कधी ना कधी पडलेली असते. जुनी माणसे याला मुदतीचा ताप म्हणतात. कॉलरा आणि टायफॉईड आपण एका दमात, 'दूषित पाण्याचे रोग' म्हणून शिकवतो. पण कॉलऱ्याचे जीवाणू आतड्यातच राहतात. टायफॉईडचा साल्मोनेला टायफी आतड्याची भिंत ओलांडतो. ज्या भक्षक पेशींनी त्याला गिळून मारायचे, त्यांच्याच पोटात बसून तो यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा गाठतो, तेथे वाढतो आणि आठ-पंधरा दिवसांनी रक्तात उतरतो. तेव्हा ताप चढतो. म्हणजे हा रक्तातील जीवाणूसंसर्ग झाला.

असा संसर्ग जगभर होतो, पण जीवाणू सगळीकडे तेच नसतात. युरोपात रुग्ण बहुधा वृद्ध असतो आणि त्याच्या रक्तात मूत्रमार्गातून आलेला ई. कोलाय किंवा त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस सापडतो. इतरत्र जुलाबांवर भागवणारे साल्मोनेलाचे भाऊबंद आफ्रिकेत मलेरियाने आणि कुपोषणाने खंगलेल्या बालकांच्या रक्तात शिरतात. ईशान्य थायलंडमध्ये भातखाचरांच्या चिखलातला बर्खोल्डेरिया पावसाळ्यात शेतकऱ्यांना गाठतो. आपल्या दक्षिण आशियात टायफॉईड ठाण मांडून आहे, आणि तोही शाळकरी वयात.

देशातही तो सारखा पसरलेला नाही. २०१७ ते २०२० या काळात भारतात चार ठिकाणी मुलांची पाहणी झाली. दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोरच्या शहरी वस्त्यांत दर लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते ११७३ रुग्ण निघाले. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण भागात फक्त ३५!

हा जीवाणू माणसाखेरीज कुठे मुक्काम करीत नाही. एकाच्या विष्ठेतून दुसऱ्याच्या तोंडात, एवढाच त्याचा प्रवास. म्हणून पाण्याची वाट पाहावी लागते. अकोला-अमरावतीकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट, तेव्हा भिस्त नळावर. अकोल्याला काटेपूर्णेचे पाणी, अमरावतीला अप्पर वर्धाचे. कोठेही नळ थांबून-थांबून येत असला की मधल्या काळात पाइपातील दाब पडतो, आणि शेजारच्या गटाराचे पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढले जाते. पुढे साठवलेल्या पाण्यात हात बुडतात ते वेगळेच.

नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉईडची नवी लस देणे सुरू केले. लस चांगली आहे, पण आमच्या मते गटार आणि नळ यांची सोयरीक तोडणे तिने टळत नाही.

औषधांचीही गोष्ट प्रदेशागणिक बदलते. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आले. १९९० च्या सुमारास भारतात ते निकामी ठरू लागले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन, तेही येथे आता बहुतेकदा लागू पडत नाही. सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा टायफी पसरला. मग कोणते औषध द्यायचे? ते ठरवायला रक्तातला जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहावा लागतो. यालाच ब्लड कल्चर म्हणतात. अडचण अशी, की एक मिलिलिटर रक्तात बहुधा एखादाच जीवाणू असतो. म्हणून रक्त भरपूर घ्यावे लागते, आणि प्रतिजैविकाच्या पहिल्या गोळीआधी घ्यावे लागते. एवढे करूनही निम्म्याच्या आसपास रुग्ण हातून निसटतात. स्वस्त विडाल चाचणी आपल्याकडे सर्रास होते; पण टायफॉईड जेथे नेहमीचाच, तेथे धडधाकट माणसाच्या रक्तातही ती प्रतिपिंडे आढळतात, आणि नुसत्या विडालवर भलत्याच तापाला टायफॉईडचे नाव पडते.