कल्हई खरी कशाची?

पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी राहिली की ती कळकते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. आंबट पदार्थात तांबे उतरते आणि मळमळ, उलट्या सुरू होतात. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. हा शब्द मूळ अरबी 'कलई', अर्थ कथिल. अरब व्यापारी मलाय द्वीपकल्पातील 'कलाह' बंदरातून कथिल नेत, त्यावरून हे नाव पडले असे मानतात.

भांडे तापवून, नवसागराने स्वच्छ करून त्यावर २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथिल फिरवतात. स्वस्तात भागवण्यासाठी त्यात शिसे मिसळले, तर चकाकी पाहून फरक कळत नाही. पण ते शिसे अन्नात उतरते. त्याने पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्तक्षय होतो. लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. शिशाची सुरक्षित मात्रा नाहीच.

म्हणून कल्हई शुद्ध कथिलाचीच करून घ्या. डाख लावायच्या धातूत बहुधा शिसे असते. तो इथे चालत नाही. आतून तांबूस किंवा पिवळे दिसू लागलेले भांडे आंबटासाठी वापरू नका. अशा भांड्यांत स्वयंपाक होत असेल आणि मुलाची पोटदुखी, फिकटपणा औषधाने हटत नसेल, तर डॉक्टरांना भांड्यांबद्दलही सांगा. रक्तातील शिसे तपासता येते.