समुद्रावर नाहींसें झालेलें माणूस आणि मागें राहिलेलें घर

देहूस दरवर्षीं फाल्गुन वद्य द्वितीयेस दोनप्रहरीं नांदुरकीच्या वृक्षाखालीं वारकऱ्यांचा मोठा समुदाय जमतो. शके १५७१ मध्यें, म्हणजे इ. स. १६५० सालीं, याच तिथीस तुकाराममहाराज सदेह वैकुंठास गेले अशी भाविकांची श्रद्धा आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनीं या प्रसंगाविषयीं निरनिराळीं मतें मांडलीं आहेत. तो वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट सर्वांस मान्य आहे. त्या दिवसानंतर देहूच्या एका घरांत जिजाई मागें राहिली. पदरीं लहान मुलें होतीं, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणें धाकटा नारायण तेव्हां तिच्या पोटांत होता. पति दृष्टीआड झाला आणि मागें देह उरला नाहीं, तर त्या घरानें काय समजावें आणि पुढचा संसार कसा चालवावा, हा प्रश्न असा फार जुना आहे.

हाच प्रश्न आगबोटीवर अधिक बिकट रूपानें उभा राहतो. गांवांतून गेलेल्या माणसाला दहा वाटा असतात. तो यात्रेस गेला असेल, दूरच्या शहरीं पोट भरीत असेल, आणि एखाद्या संध्याकाळीं दारांत उभाही राहील. भर समुद्रांतल्या बोटीला अशा वाटा नसतात. उतारूंची यादी असते, खोल्यांना क्रमांक असतात. म्हणून एखादा उतारू सकाळीं दिसेनासा झाला, तर तीनच शक्यता उरतात: तो बोटीवरच कोठें दडला असेल, एखाद्या बंदरांत कोणास न कळत उतरला असेल, किंवा पाण्यांत गेला असेल. शोधाअंतीं पहिल्या दोन खोट्या ठरल्या, तरी तिसरीच्या पोटांत पुन्हां तीन प्रश्न असतातच. पाय घसरला, त्यानें आपण होऊन उडी घेतली, कीं कोणीं ढकललें? रात्रीं कठड्यापाशीं बहुधा साक्षीदार नसतो.

या प्रकारचें सर्वांत गाजलेलें उदाहरण ज्या माणसाचें आहे, त्याचें नांव देहू-चाकणच्या रस्त्यावरील प्रत्येक मालमोटार-चालकाच्या तोंडीं असतें. तो माणूस म्हणजे डिझेल इंजिनाचा जनक, जर्मन यंत्रज्ञ रुडॉल्फ डिझेल. २९ सप्टेंबर १९१३ रोजीं तो बेल्जमच्या अँटवर्प बंदरांत ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीवर चढून इंग्लंडकडे निघाला. सोबत्यांबरोबर त्यानें रात्रीचें जेवण घेतलें, दहाच्या सुमारास तो आपल्या खोलींत गेला, आणि सकाळीं सव्वासहाला उठविण्यास सांगून ठेवलें. सकाळीं खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी निजलेलें नव्हतें. टोपी आणि अंगरखा बाहेर कठड्यापाशीं सांपडला. सुमारें दहा दिवसांनीं एका डच बोटीस समुद्रांत एक प्रेत आढळलें. तें ओळखूं येण्याच्या स्थितींत नव्हतें, म्हणून खिशांतील वस्तु काढून घेऊन तें पुन्हां पाण्यांतच सोडण्यांत आलें. त्या वस्तु वडिलांच्या आहेत असें मुलानें ओळखलें. निघण्यापूर्वीं डिझेलनें पत्नी मार्था हिला एक पिशवी देऊन ती पुढील आठवड्यापर्यंत उघडूं नको असें बजावलें होतें. तिनें ती उघडली, तेव्हां आंत रोख पैसा आणि बँकेंतील खातीं जवळजवळ रिकामीं झाल्याचे कागद निघाले. आत्महत्या, खून कीं अपघात, याचा निर्णय आजतागायत लागलेला नाहीं.

मार्थेस निदान त्या चार वस्तु मिळाल्या. ज्यांस तेवढेंही मिळत नाहीं, त्यांच्यासाठीं कायद्यानें एक नियम केला आहे. तो १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत कलम १०८ मध्यें होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्यें आहे. मनुष्य जिवंत असता तर ज्यांस साहजिकच त्याची वार्ता कळली असती, अशा लोकांस सात वर्षें ती कळली नसेल, तर ‘तो जिवंत आहे’ असें म्हणणाऱ्यानेंच तें सिद्ध करावें लागतें.

या नियमाची मर्यादा मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. सात वर्षांनीं मृत्यु गृहीत धरला जातो. तो कोणत्या दिवशीं झाला हें गृहीत धरलें जात नाहीं. विम्यासाठीं किंवा वारसासाठीं ठराविक तारीख सांगावयाची असेल, तर तिचा पुरावा सांगणाऱ्यानेंच द्यावा लागतो. म्हणून माणूस बेपत्ता होतांच पोलिसांत वर्दी देणें आणि विम्याचे हप्ते चालू ठेवणें श्रेयस्कर. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें सात वर्षें वार्ता नसणें हें घटस्फोटाचें कारण होऊं शकतें, परंतु त्यासाठीं न्यायालयाचा हुकूम घ्यावा लागतो. विवाह आपोआप संपत नाहीं.

आणि परिस्थितीच बोलकी असेल, तर सात वर्षें थांबण्याचें कारण नसतें. महाराष्ट्रांतील नदीचें नांव धारण करणारी ‘वैतरणा’ आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजीं कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाली. विजेच्या दिव्यांमुळें लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. द्वारकेनंतर ती वादळांत सांपडली आणि सातशेंहून अधिक माणसांसह नाहींशी झाली. तिचे अवशेष कधींच मिळाले नाहींत. मुंबई सरकारनें नेमलेल्या चौकशींत बोटीवर जीवरक्षणाचीं साधनें अपुरीं होतीं असें दिसून आलें. अशा वादळांत गेलेल्या बोटीवर एखादा उतारू होता एवढें सिद्ध झालें, तर त्याच्या मृत्यूविषयीं न्यायालयास सहसा शंका उरत नाहीं. घरच्या माणसांचें मन मात्र तेवढ्यावर थांबत नाहीं. बंदरांतून आलेल्या प्रत्येक माणसाकडे तें विचारणा करीतच राहतें.

जिजाईच्या काळीं असें कलम नव्हतें, विमा नव्हता, चौकशीही नव्हती. तिनें मुलें वाढविलीं. ज्यानें वडिलांचें मुख पाहिलेंच नव्हतें, त्या नारायणबाबांनीं १६८५ सालीं तुकोबांच्या पादुका पालखींत ठेवून ती देहूहून पंढरीस नेली. ती पालखी आजही देहूच्या वाटेनेंच निघते.