खरखरणारा कीबोर्ड भंगारात नको

भोकरसारख्या तालुक्याच्या गावात कीबोर्ड दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला नसतो. लग्नाची वरात, गणेशोत्सव, जयंतीची मिरवणूक, भजनाचा कार्यक्रम, जिथे बोलावणं येईल तिथे तो टेम्पोत चढून जातो आणि उघड्या मंडपात वाजतो. काळ्या मातीची बारीक धूळ, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा आणि पाठोपाठ येणारी पावसाळी दमट हवा त्याच्या प्रत्येक फटीत शिरते. काही वर्षांनी आवाज कमी-जास्त करताना स्पीकरमधून खरखर ऐकू येते आणि ‘मशीन गेली’ म्हणून वाद्य माळ्यावर टाकलं जातं. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. खरखरीवर आधी सफाई करावी, ती पुरली नाही तर सुटा भाग बदलावा आणि वाद्य टाकून देण्याचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

याचं कारण आवाजाच्या बटणाखालच्या रचनेत आहे. तिथे पॉट, म्हणजे पोटेंशिओमीटर असतो. त्यात कार्बनची पातळ पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची बारीक जीभ सरकते. जीभ कुठे टेकली आहे, यावर आवाज किती सोडायचा ते ठरतं. गोल बटणात ही पट्टी वळलेली असते, स्लायडरमध्ये सरळ. स्लायडरची फट वरून उघडी असल्यामुळे धूळ त्यात लवकर जाते. पट्टीवर मळ साचला, धातू काळवंडला किंवा जुनं ग्रीस सुकून घट्ट झालं की सरकताना संपर्क क्षणोक्षणी तुटतो आणि जुळतो. त्याचीच खरखर होते. पुष्कळ डिजिटल वाद्यांत काही पॉटमधून आवाज जातच नाही, प्रोसेसर फक्त त्यांची जागा वाचतो. यामाहाच्या १९८३ सालच्या डीएक्स-७ मधला डेटा स्लायडर तसाच आहे. असा पॉट मळला की आकडे उड्या मारू लागतात. दोष ओळखायची सोपी खूण अशी: बटण हलवतानाच खरखर होत असेल आणि हात काढताच थांबत असेल, तर संशय पॉटवर घ्यावा. हात न लावताही ती चालूच राहिली, तर अडॅप्टर, जॅक, सुटलेलं सोल्डर किंवा कपॅसिटर तपासावा.

सफाईला मोठी सामग्री लागत नाही. अडॅप्टर आणि सेल काढावेत, मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडावी आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावं. हलका मळ एवढ्यानेही सुटतो. नाही सुटला तर खालचं कव्हर उघडण्याआधी स्क्रू आणि वायरींचे फोटो काढून ठेवावेत. मग प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर बारीक नळीने पॉटच्या फटीत थोडासाच सोडावा, बटण पुन्हा फिरवावं आणि पूर्ण वाळल्याशिवाय वीज जोडू नये. हे द्रव बहुधा ज्वालाग्राही असतात, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास आग नसावी. स्लायडरसाठी वंगण असलेला, खास फेडरचा, म्हणजे सरकत्या पॉटचा, क्लीनर घ्यावा. नुसत्या अल्कोहोलने ग्रीस धुऊन जातं आणि स्लायडर कोरडा, खरबरीत सरकू लागतो.

बिजागरीला मारायचा स्प्रे घरात असताना वेगळा कशाला, असं विचारलं जातं. त्या स्प्रेचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर नवी धूळ चिकटते. आठ दिवस बरं वाटतं, मग दुखणं वाढतं. सफाई कायमची नसते, हा आक्षेप मात्र खरा आहे. कार्बनची पट्टीच झिजली असेल तर कोणताही क्लीनर ती परत आणू शकत नाही. पण तेव्हाही बदलायचा असतो तो एक पॉट. त्याच मापाचा आणि त्याच ओहमचा मिळाला की सोल्डरिंग येणारा कोणताही कारागीर तो बसवून देतो. नवा कीबोर्डच घेतला तर काय बिघडलं, असंही कुणी म्हणेल. ज्याला परवडतं त्याने खुशाल घ्यावा. पण नव्यालाही हीच धूळ खायची आहे, आणि ज्याचे सूर, ताल, पट्ट्या सगळं शाबूत आहे असं वाद्य एका मळलेल्या कार्बनपट्टीपायी टाकणं हे नुकसानच आहे. माळ्यावर असा कीबोर्ड पडला असेल तर लग्नसराईआधी तो खाली काढा, साफ करा आणि कार्यक्रम संपला की कापडाने झाकून ठेवायची सवय लावा.